दक्षिण अमेरिकेतील पट्टेदार पाणसाप, हेलिकॉप्स अँग्युलेटस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा साप नेमका कोणता आणि त्याच्याविषयी एवढे विस्ताराने लिहावे असे त्यात काय आहे?

हेलिकॉप्स अँग्युलेटस हा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील संथ पाण्यात राहणारा, मध्यम आकाराचा आणि माणसाला निरुपद्रवी असा पाणसाप आहे. प्राण्यांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या कार्ल लिनियसने १७५८ साली 'सिस्टिमा नॅच्युरी' या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याचे वर्णन केले, म्हणजे विज्ञानाने शास्त्रीय नाव दिलेल्या अगदी पहिल्या सापांपैकी तो एक आहे. अ‍ॅनाकोंडावर पुस्तके निघतात, माहितीपट होतात. त्याच पाण्यात राहणाऱ्या या सापाची मात्र विषारी समजून मारला जाणे एवढीच काय ती दखल घेतली जाते. त्याच्या प्रजननात एक अशी गोष्ट आहे जी जगातल्या फार थोड्या सरपटणाऱ्या प्राण्यांत दिसते. त्याच्या निरुपद्रवीपणालाही काही बारकावे आहेत आणि ते नीट समजून घेतले तर भीतीही उरत नाही आणि बेफिकिरीही येत नाही. पुढील उत्तरांत या दोन विषयांना जास्त जागा दिली आहे.

तो कोणकोणत्या देशांत आढळतो?

व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना, ब्राझील, कोलंबिया, इक्वेडोर, पेरू आणि बोलिव्हिया या देशांत आणि त्रिनिदाद बेटावर तो आढळतो. त्रिनिदाद हे बेट असले तरी व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सर्वांत जवळच्या ठिकाणी ते जेमतेम ११ किलोमीटरवर आहे आणि हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली असताना ते मुख्य भूमीला जोडलेले होते. त्यामुळे तिथले साप हे मुख्य भूमीवरच्या सापांचेच भाईबंद आहेत.

नदीच्या मुख्य, वेगवान प्रवाहात तो सहसा नसतो. जंगलातले ओहोळ, दलदल, तळी, पुराच्या पाण्याखाली जाणारी अरण्ये, पाण्यावर तरंगणाऱ्या गवताचे गालिचे, शेताकडेचे चर आणि भाताची खाचरे ही त्याची खरी वस्ती. माणसाने तयार केलेल्या उथळ पाण्यातही तो सहज जमवून घेतो आणि त्यामुळेच शेतकरी व मासेमार यांच्याशी त्याची वारंवार गाठ पडते.

तो दिसतो कसा? ओळखायची खूण कोणती?

पूर्ण वाढलेला साप साधारणपणे अर्धा ते पाऊण मीटर लांबीचा असतो. माद्या नरांपेक्षा मोठ्या व जाड असतात आणि नरांची शेपटी शरीराच्या मानाने लांब असते. पाठीचा रंग तपकिरी, मातकट किंवा हिरवट झाक असलेला करडा असून तिच्यावर गडद आडवे पट्टे असतात. पाठीच्या मध्यावर रुंद असलेले हे पट्टे दोन्ही कुशींकडे उतरताना निमुळते होत जातात. पोटाकडची बाजू मात्र पाठीच्या अगदी उलट, उठावदार असते : पिवळट, नारिंगी किंवा लालसर पार्श्वभूमीवर काळे पट्टे. साप पाण्यात असताना ही बाजू दिसत नाही.

जवळून पाहिले तर पाण्यातल्या आयुष्याच्या खुणा डोक्यावरच वाचता येतात. डोळे लहान असून ते बाजूला न राहता वरच्या अंगाला सरकलेले असतात. नाकपुड्याही वर उघडतात, त्यामुळे सारे शरीर पाण्याखाली ठेवून तोंडाचे नुसते टोक बाहेर काढले तरी श्वास घेता येतो. बहुतेक सापांत दोन नाकपुड्यांच्या मध्ये खवल्यांची जोडी असते. हेलिकॉप्स प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या ज्या गटात हा साप मोडतो त्यात, तिथे एकच खवला असतो आणि अभ्यासक ओळख पटवताना ही खूण आधी पाहतात. पाठीवरच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यावर उभी धार असते आणि अशा खवल्यांच्या १९ ओळी शरीराच्या मध्यभागी मोजता येतात. या धारांमुळे साप ओला असतानाही चकचकीत न दिसता खरखरीत, मळकट दिसतो आणि गाळात पडलेल्या कुजक्या फांदीपासून त्याला वेगळे काढणे कठीण जाते.

तो बिनविषारी आहे की सौम्य विषारी? दोन्ही लिहिलेले आढळते.

दोन्ही लिहिलेले आढळते, कारण 'विषारी' आणि 'माणसाला धोकादायक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याच ठिकाणी त्यांची सरमिसळ होते.

या सापाला नागासारखे किंवा घोणशीसारखे पुढचे पोकळ विषदंत नाहीत. वरच्या जबड्यातले मागचे दात मात्र इतर दातांपेक्षा मोठे असतात आणि डोळ्याच्या मागे, जबड्याच्या कडेने, ड्यूव्हर्नॉय ग्रंथी नावाची एक ग्रंथी असते. जगातल्या अनेक 'बिनविषारी' म्हणवल्या जाणाऱ्या सापांत ही ग्रंथी आढळते. तिचा स्राव दाबाने आत टोचला जात नाही, तो दातांनी झालेल्या जखमेत झिरपतो आणि त्यासाठी सापाला भक्ष्य काही वेळ जबड्यात धरून चावत राहावे लागते. निसटत्या, बुळबुळीत माशाला आवरायला अशा स्रावाचा उपयोग होत असावा, असे मानण्यास जागा आहे.

या स्रावाचा प्रयोगशाळेत अभ्यास झाला आहे. व्हेनेझुएलातील सापांच्या स्रावातून वेगळ्या केलेल्या एका प्रथिनाला संशोधकांनी 'हेलिकॉप्सिन' असे नाव दिले आणि २०११ साली त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. उंदरांवरील प्रयोगांत या प्रथिनाचा मज्जासंस्थेवर विषारी परिणाम दिसला. एवढेच वाचून कोणी 'हा साप विषारी ठरला' असा निष्कर्ष काढला तर तो घाईचा होईल. शुद्ध केलेले प्रथिन सुईने थेट उंदराच्या शरीरात सोडणे आणि सापाने माणसाच्या बोटाला ओझरता चावा घेणे यांत स्रावाचे प्रमाण, तो शरीरात जाण्याचा मार्ग आणि शरीराचे वजन या तिन्ही बाबतींत प्रचंड अंतर आहे. माणसाला चावल्यावर दातांचे ओरखडे, थोडे रक्त, जळजळ आणि कधी किंचित सूज एवढाच परिणाम अपेक्षित असतो. म्हणून 'माणसाला निरुपद्रवी, पण स्रावात विषारी घटक असलेला' हे वर्णन मला सर्वांत प्रामाणिक वाटते. त्याला सरसकट बिनविषारी म्हणून मुलांच्या हातात देणे जितके चुकीचे, तितकेच विषारी म्हणून काठीने ठेचणे चुकीचे आहे.

तो चावतो का? स्वभावाने कसा आहे?

पाण्यात असताना माणसाची चाहूल लागली की तो बुडी मारून गाळात किंवा पानांच्या थराखाली शिरतो. पळायला जागा आहे तोवर तो सामना करत नाही. त्याला हाताने पकडले किंवा जाळ्यातून बाहेर ओढले तर मात्र तो चावायला कमी करत नाही. पाण्याबाहेर त्याची हालचाल मंदावते आणि सुटकेचा मार्ग नसल्याचे लक्षात येताच तो सारे शरीर जमिनीशी चपटे करतो, जबड्याचा मागचा भाग फुगवतो, त्यामुळे लांबट डोके त्रिकोणी दिसू लागते, आणि मग समोर येईल त्यावर झडप घालतो. सोबतच शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून उग्र वासाचा द्राव सोडतो. तो हाताला लागला तर साबणाने दोन-तीनदा धुऊनही वास रेंगाळतो.

हे सारे अवसान आहे. पाहणाऱ्याला मात्र चपटे शरीर, त्रिकोणी डोके आणि गडद पट्टे एकत्र दिसतात आणि त्या प्रदेशातला माणूस यावरून एकच निष्कर्ष काढतो. तो निष्कर्ष कोणता, ते पुढच्या उत्तरात आहे.

त्याची विषारी सापाशी गल्लत का होते?

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात बोथ्रॉप्स अ‍ॅट्रॉक्स नावाचा अत्यंत विषारी साप राहतो. सह्याद्रीतला आपला चापडा ज्या गटात मोडतो, त्याच गटातला, म्हणजे डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता जाणणारी खाच असलेला हा साप आहे. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन भागातील बहुतांश सर्पदंश त्याचेच असतात. तो नदीकाठी, ओलसर जंगलात आणि शेतांच्या कडेला वावरतो, उत्तम पोहतो आणि त्याचा रंगही तपकिरी असून अंगावर गडद नक्षी असते. म्हणजे जागा तीच, वेळ रात्रीचीच आणि रंगही मिळताजुळता. अशा ठिकाणी गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मासेमाराने शंकेचा फायदा सापाला द्यावा, ही अपेक्षा सोपी नाही आणि त्याच्या भीतीला अज्ञान म्हणून हिणवणेही योग्य नाही. एका चाव्याने हात किंवा पाय गमावलेली माणसे त्याने गावात पाहिलेली असतात.

स्थानिक नावांतही हीच भीती उमटली आहे. त्रिनिदादमध्ये 'मापिपीरे' हा शब्द तिथल्या विषारी, घोणसवर्गीय सापांसाठी वापरतात आणि या पाणसापालाही 'पाण्यातला मापिपीरे' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. ब्राझीलमध्ये त्याला 'कोब्रा द'आग्वा' म्हणजे पाणसाप म्हणतात, तसेच 'सुरुकुकुराना' हेही नाव आहे. 'सुरुकुकु' हे त्या भागातल्या एका मोठ्या विषारी सापाचे नाव.

मग दोघांतला फरक सुरक्षित अंतरावरून कसा ओळखावा?

बोथ्रॉप्सच्या डोळ्यापुढे उष्णता जाणणारी खाच असते, पाणसापाला ती नसते. बोथ्रॉप्सच्या डोक्याच्या वरच्या भागावर पाठीसारखेच बारीक खवले असतात, तर पाणसापाच्या डोक्यावर मोठ्या, सपाट ढालींसारखे खवले जुळवून बसवलेले दिसतात. बोथ्रॉप्सची मान बारीक असून डोके तिच्यापासून स्पष्ट वेगळे दिसते. पाणसापाचे डोळे वर सरकलेले असतात आणि त्याचे पट्टे पाठीवर रुंद व कुशीकडे निमुळते असतात. बोथ्रॉप्सच्या कुशीवरची नक्षी बहुधा याच्या उलट, खाली रुंद होत जाणारी असते.

डोळ्याच्या बाहुलीवरून ओळखा, असा सल्ला अनेक ठिकाणी दिलेला असतो. तो पाळू नये. घोणसवर्गीय सापांची उभी बाहुली अंधारात विस्फारून गोल होते आणि हे साप भेटतात ते बहुधा अंधारातच. डोक्याच्या आकारावर विसंबणेही धोक्याचे आहे, कारण वर सांगितल्याप्रमाणे पाणसाप स्वतःच डोके त्रिकोणी करून दाखवतो. खरे म्हणजे या खुणा चांगल्या छायाचित्रावरून ओळख पटवण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष पाण्यात उभे असताना शंका आली तर दोन पावले मागे सरणे हाच योग्य उपाय आहे.

पाण्यात राहणारे इतर साप कोणते आणि त्यांच्याशी गोंधळ होतो का?

अ‍ॅनाकोंडाची पिल्ले त्याच पाण्यात असतात, पण त्यांच्या पाठीवर पट्ट्यांऐवजी गोलसर काळे डाग असतात. हायड्रॉप्स प्रजातीचे पाणसाप लालसर व काळ्या कड्यांचे, गुळगुळीत खवल्यांचे असतात आणि त्यांची गल्लत प्रवाळसापांशी होते. ही गल्लत उलट दिशेने झाली तर जिवावर बेतू शकते : मायक्रुरस सुरिनामेन्सिस हा पाण्यात राहून मासे खाणारा खरा प्रवाळसाप आहे आणि त्याचे विष मज्जासंस्थेवर काम करते. लाल-काळ्या-पिवळ्या कड्यांचा कोणताही साप त्या भागात हाताळू नये.

चावल्यास काय करावे?

साप नक्की हाच आहे याची जाणकाराने खात्री केली असेल, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, धनुर्वाताची लस घेतलेली आहे का ते पाहावे आणि दिवसभर सुजेवर लक्ष ठेवावे. या सापासाठी प्रतिविष नाही आणि त्याची गरजही नाही.

खात्री नसेल, तर तो विषारी दंशच समजून तातडीने रुग्णालय गाठावे. दंशाच्या वर आवळून बांधणे, जखमेवर छेद देणे, तोंडाने रक्त ओढणे यांपैकी काहीही करू नये. बोथ्रॉप्सचा दंश असेल तर या उपायांनी हानी वाढते. रुग्णालयातही ओळखीला महत्त्व आहे, कारण प्रतिविष घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून बनवलेले असते आणि गरज नसताना ते दिले तर रुग्णाला तीव्र अ‍ॅलर्जीचा धोका उगाच पत्करावा लागतो. साओ पाउलो येथील बुटांटान संस्था १९०१ पासून प्रतिविषाच्या कामात आहे आणि कोणत्या गटाच्या सापाला कोणते प्रतिविष हा भेद ब्राझीलच्या वैद्यकीय व्यवस्थेत पक्का रुजला आहे. त्यासाठी साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. दुरून घेतलेले छायाचित्र पुरते.

तो काय खातो?

मुख्यतः मासे, त्याशिवाय बेडूक व बेडकांची पिल्ले. क्वचित एखादा सरडा. तो रात्री सक्रिय असतो. तळाच्या पानगाळातून हळूहळू सरकत, जीभ चाळवत तो मासे हुडकतो किंवा उथळ पाण्यात शेपटीकडचा भाग एखाद्या मुळाशी अडकवून थांबून राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की डोके बाजूला झटकून ते पकडतो. पाण्यात पुढच्या दिशेने झेप घेतली तर तोंडापुढे पाण्याची लाट तयार होऊन मासा दूर ढकलला जातो, म्हणून पाण्यात शिकार करणाऱ्या सापांमध्ये बाजूने झटका देण्याची ही पद्धत वारंवार आढळते. त्याला स्वतःला खाणारेही पुष्कळ आहेत : बगळे, केमन नावाच्या तिथल्या मगरी आणि मोठे शिकारी मासे.

नदीच्या पुराचा त्याच्या जीवनाशी काय संबंध आहे?

फार जवळचा संबंध आहे. मानाउस शहराजवळ रिओ नेग्रो नदीची पातळी दरवर्षी सरासरी १० मीटरच्या आसपास वर-खाली होते. जूनच्या सुमारास पाणी सर्वांत वर असते, तेव्हा मैलोन् मैल जंगल पाण्याखाली जाते, मासे झाडांच्या खोडांमधून पोहत फळे-बिया खातात आणि त्यांच्यामागे सापही जंगलभर विखुरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी उतरते, मासे डबक्यांत कोंडले जातात आणि शिकार एकवटते. पावसावर चालणारे पुराचे चक्र आपल्यालाही परिचित आहे, पण तिथले चक्र महिनोन् महिने जंगलात पाणी उभे करणारे आहे आणि तिथे जमिनीवर घरटे करणाऱ्या कोणत्याही प्राण्यापुढे एक साधा पेच उभा राहतो : अंडी घालायची तर कोरडी जागा कुठे? पुढचा प्रश्न याच पेचाला धरून आहे.

तो अंडी घालतो की पिल्लांना जन्म देतो?

दोन्ही. या सापाविषयीची ही सर्वांत विलक्षण गोष्ट आहे.

बहुतेक सापांच्या बाबतीत हा प्रश्न जातीपातळीवर निकालात निघतो : नाग अंडी घालतो, घोणस पिल्लांना जन्म देते, आणि त्याला अपवाद नसतो. हेलिकॉप्स अँग्युलेटसच्या काही ठिकाणच्या माद्या अंडी घालतात, तर काही ठिकाणच्या माद्या थेट पिल्ले देतात. त्रिनिदादमधील माद्या अंडी घालतात हे नीट नोंदवलेले आहे. ज्यांच्यात एकाच जातीत दोन्ही प्रकार आढळतात असे सरपटणारे प्राणी जगात बोटांवर मोजण्याइतके आहेत : युरोप-आशियात पसरलेली झूटोका व्हिव्हिपारा ही पाल-सरड्यांसारखी जाती, ऑस्ट्रेलियातल्या सापसुरळीच्या दोन जाती आणि असेच थोडे इतर. सापांमध्ये तर हे आणखी दुर्मीळ आहे.

अंडी घालणाऱ्या माद्यांचे जवळून निरीक्षण केले तर हा बदल कसा होत असावा याची कल्पना येते. अंडे घातले जाते तेव्हा आतला गर्भ बराच वाढलेला असतो, म्हणजे वाढीचा मोठा टप्पा त्याने आईच्या पोटातच ओलांडलेला असतो. म्हणूनच घातलेली अंडी काही आठवड्यांतच उबतात. अनेक अंडज सापांत याला दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आता आई जर अंडी आणखी थोडे दिवस पोटात ठेवू लागली आणि गर्भाला प्राणवायू मिळावा म्हणून अंड्याचे कवच पातळ होत गेले, तर एका टप्प्यावर कवच नुसत्या पारदर्शक पापुद्र्याइतके उरते आणि पिल्लू पोटातून बाहेर येते तेच मुळी जिवंत, वळवळणारे. अंडज (अंडी घालणारे) आणि जरायुज (पिल्लांना जन्म देणारे) यांच्यामध्ये पाठ्यपुस्तकात आपण जी ठाम रेघ मारतो, ती या सापात निसर्गाने अजून मारलेली नाही.

हा बदल का झाला असावा?

जरायुजतेविषयी सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण थंडीचे आहे. थंड प्रदेशात जमिनीतली अंडी नीट उबत नाहीत; आई मात्र उन्हात बसून पोटातल्या गर्भांना ऊब देऊ शकते. हिमालयातील किंवा उत्तर युरोपातील जातींना हे लागू पडते, पण अ‍ॅमेझॉनच्या उष्ण, दमट खोऱ्यात थंडीचे कारण चालत नाही. तिथे पुराचे कारण अधिक पटते : घरटे बुडण्याची शक्यता मोठी असेल तर अंडी पोटात बाळगणारी आई हेच सुरक्षित घरटे ठरते.

तरीही मी यावर पूर्ण विसंबणार नाही, कारण हेलिकॉप्स प्रजातीतच याला छेद देणारी उदाहरणे आहेत. हेलिकॉप्स हॅगमानी आणि हेलिकॉप्स गोमेसी या जाती तितक्याच पाण्यात राहूनही अंडी घालतात, तर हेलिकॉप्स लेपार्डिनस, हेलिकॉप्स मोडेस्टस, हेलिकॉप्स कॅरिनिकॉडस आणि हेलिकॉप्स इन्फ्राटेनिएटस या जाती पिल्लांना जन्म देतात. यांतल्या शेवटच्या दोन जाती दक्षिणेकडच्या तुलनेने थंड भागात राहतात. या गटाच्या जवळच्या नात्यातल्या हायड्रॉप्स आणि स्यूडोएरिक्स या प्रजाती अंडज आहेत. सर्वांची वंशावळ मांडून पाहिली असता पिल्ले देण्याची पद्धत या गटात एकदाच नव्हे, तर एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवली असावी असे दिसते. इतक्या लहान गटात हा बदल पुन्हा पुन्हा घडला असेल, तर त्यामागे एकच कारण असण्याची शक्यता कमी आहे.

अंडी घालणारे आणि पिल्ले देणारे साप म्हणजे खरे तर दोन वेगळ्या जाती तर नाहीत?

हा रास्त प्रश्न आहे. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात पसरलेल्या जातीत बाहेरून सारख्या दिसणाऱ्या, पण आनुवंशिकदृष्ट्या वेगळ्या वंशशाखा दडलेल्या असणे शक्य आहे. उद्या त्यांना वेगवेगळी नावे मिळाली तरी या सापाचे महत्त्व कमी होणार नाही; उलट अगदी जवळच्या दोन बहिणींपैकी एक अंडज व एक जरायुज असेल, तर तो बदल घडवणारे जनुकीय फरक शोधण्यासाठी याहून सोयीची जोडी मिळणे अवघड आहे.

हेलिकॉप्स प्रजातीत एकूण किती जाती आहेत?

वीसच्या आसपास, आणि ही संख्या वाढते आहे. हेलिकॉप्स अपियाका या जातीचे वर्णन २०१३ साली झाले, हेलिकॉप्स नेंतुरचे २०१६ साली आणि हेलिकॉप्स बोइताताचे २०१९ साली. बोइताता ही ब्राझीलच्या लोककथांतली अग्निसर्पिणी. तिचे नाव मिळालेला हा साप पांतानालच्या दलदलीत सापडला. २०२१ मध्ये हेलिकॉप्स फँटाझ्मा आणि २०२२ मध्ये हेलिकॉप्स अकांगुस्सू या जातींची भर पडली. गढूळ पाण्यात रात्री वावरणारे साप किती सहज नजरेतून सुटतात, हे यावरून कळते.

हा साप धोक्यात आहे का?

जात म्हणून तूर्त नाही. त्याचा प्रसार विस्तीर्ण आहे आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या वर्गवारीत तो कमीत कमी चिंतेच्या गटात मोडतो. पण मोठ्या प्रदेशात पसरलेला असणे म्हणजे सगळीकडे सुखरूप असणे नव्हे. जंगलतोड, धरणांमुळे पुराचे बदललेले चक्र आणि सोन्याच्या खाणकामातून नद्यांत मिसळणारा पारा यांचा भार तिथल्या जलसृष्टीवर पडतो आहे. पारा माशांच्या शरीरात साठतो आणि मासे खाणाऱ्याकडे तो अधिक प्रमाणात जातो. शिवाय मानाउसच्या बंदरात १९०२ पासून पाण्याची पातळी नोंदवली जाते. तिथे ऑक्टोबर २०२३ मध्ये तोवरचा नीचांक नोंदला गेला आणि २०२४ च्या दुष्काळात तोही मोडला. ज्या डबक्यांवर कोरड्या हंगामात या सापाचे पोट चालते, ती डबकीच आटू लागणे ही मला या सर्वांतली सर्वांत काळजीची बाब वाटते.

तो घरी पाळता येतो का?

ब्राझीलमध्ये १९६७ च्या कायद्यानुसार वन्यप्राण्यांना विनापरवाना पकडणे व बाळगणे गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी रात्री वावरणारा, दुर्गंधी द्राव सोडणारा, चटकन चावणारा आणि जिवंत मासे लागणारा हा प्राणी काचेच्या पेटीत सुखाने राहणारा नाही. त्याला पाळू नये, असेच माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचा दिवड आणि हा साप एकाच कुळातले आहेत का?

नाहीत, जरी दोघांची राहणी थक्क करणारी सारखी आहे. महाराष्ट्रातल्या विहिरी, तळी आणि भातखाचरांत दिसणारा दिवड, ज्याला काही भागांत विरोळा म्हणतात, तोही मासे-बेडूक खातो, त्याच्याही खवल्यांवर धार असते, तोही डिवचल्यावर मान चपटी करून चावायला धावतो आणि तोही या अवसानामुळे नाग समजून मारला जातो. पण दिवड नॅट्रिसिडी या गटातला आहे आणि हेलिकॉप्स डिप्सॅडिनी या अमेरिका खंडातल्या गटातला. सारख्या परिस्थितीत राहून दोन दूरच्या वंशांना सारखे रूप आले आहे. एका बाबतीत मात्र दिवड ठाम आहे : तो सर्वत्र अंडीच घालतो आणि मादी बहुधा अंड्यांजवळ थांबून राहते. भारतात दिवडाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे.

अ‍ॅमेझॉन किंवा त्रिनिदादला जाणाऱ्याला हा साप पाहायचा असेल तर?

स्थानिक वाटाड्यासोबत, रात्री, ओहोळाच्या किंवा तळ्याच्या काठाने जावे. गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत आणि विजेरीचा झोत पाण्याच्या कडेच्या उथळ भागावर, बुडालेल्या फांद्यांच्या आणि पानांच्या ढिगांच्या कडेने हळूहळू फिरवावा. शोधायचे ते पूर्ण साप नव्हे, तर पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेले तोंडाचे टोक आणि त्यामागे तिरका गेलेला पट्टेदार आकार. पाण्यात हात घालू नये आणि साप काठावर ओढून घेऊ नये. छायाचित्र घ्यायचे असेल तर डोके वरून आणि कूस बाजूने अशी दोन चित्रे घ्यावीत. नाकपुड्यांमधला एकच खवला आणि कुशीकडे निमुळते होणारे पट्टे त्यांत नीट आले, तर जाणकाराला ओळख पटवायला तेवढे पुरेसे असते. ठिकाण व तारीख सोबत लिहून ठेवावी. पोट फुगलेली मादी किंवा नुकतीच जन्मलेली पिल्ले दिसली तर ती नोंद विशेष मोलाची आहे, कारण या सापाच्या माद्या कुठे अंडी घालतात आणि कुठे पिल्ले देतात याचा नकाशा अशाच एकेका नोंदीतून भरला जातो.